वेणीचा परवाना

"टपालानं पाठवायची नाही. जाणाऱ्यायेणाऱ्याच्या हाती द्यायची नाही. एवारिस्तोनं मला आणलं, एवारिस्तोच परत नेईल. आणि तू सोबत जायचंस, कळलं ना मिर्ता?"

गेलेल्या आईचा आवाज असा केव्हाही यायचा. भाजी निवडताना यायचा, सिग्नलला गाडी थांबली की यायचा. आता तो आला, तेव्हा मिर्ता कचेरीत बसली होती आणि समोर दातांचे एक डॉक्टर खुर्ची पुढेमागे करत होते.

"मॅडम, विमान माझं, इंधन माझं, समुद्र देवाचा. मग अडतंय कुठे?"

"विमान इथे तुमचं आहे डॉक्टर," मिर्ता नेहमीच्या हळू आवाजात म्हणाली. "क्युबातल्या धावपट्टीला चाक टेकलं की आपल्या सरकारच्या लेखी तो बंदीच्या देशात पाठवलेला माल. थोड्या दिवसांसाठी नेऊ देतात. पण नेलं तसंच्या तसं परत आणायचं, आणि नेणाऱ्यानंच आणायचं. जादा टायरसुद्धा तिथे विसरायचा नाही."

"आणि नाही आणलं तर?"

"मग तुम्ही तस्कर."

डॉक्टर हसले. मिर्ता हसली नाही. क्युबाला जायला कायद्यानं बारा कारणं दिली होती आणि मासेमारी त्यात नव्हती, हे तिनं त्यांना आल्या आल्या सांगितलं होतं.

"मग देवधर्म लिहा की! गळाला मासा लागला की मी देवाचंच नाव घेतो."

"लिहीन. पण मग तिथे सकाळपासून संध्याकाळपर्यंत देवधर्मच करावा लागेल, आणि काय काय केलं त्याची टिपणं पाच वर्षं सांभाळावी लागतील. गळ घरी ठेवायचा."

डॉक्टर गेले. पलीकडच्या टेबलावर लासारा इतका वेळ तोंडावर रुमाल धरून बसली होती, तिनं आता तो काढला. "मिर्ता, तुझ्यासारखी माणसं असली की समुद्रातले मासे सुखानं म्हातारे होतात बघ."

मायामीच्या नैर्ऋत्येला, शहर संपून दलदल सुरू होते तिथल्या लहान विमानतळावर दोघींची ही कचेरी होती. ज्यांची स्वतःची लहान विमानं आहेत, त्यांना क्युबाला जायची वाट लावून द्यायची, हा धंदा. कारण कुठलं बसतं ते पाहायचं. विमा कंपनीला विचारायचं, कारण कुठल्याही विम्यात क्युबा आधीच वगळलेला असतो. तिथल्या विमानतळाची परवानगी, आकाशातल्या सीमेवर पोचायची वेळ, परतताना कुठल्या तळावर उतरून तपासणी द्यायची ते, आणि आपली कार्डं तिथे चालत नाहीत म्हणून बरोबर रोख किती न्यायची, सगळं मिर्ता बघायची. कितीएक माणसं तिनं अशी त्या किनाऱ्याला पाठवून सुखरूप परत आणली होती. ती स्वतः मात्र एकदाही गेली नव्हती.

"दुसऱ्यांना दारात नेऊन सोडतेस," लासारा म्हणाली. "तुझं घोडं कुठे पेंड खातंय? रेडिओवर ऐकलंस ना? वॉशिंग्टनमध्ये पुन्हा कुलपाची भाषा सुरू झालीय. लहान विमानांचं दार पहिल्यांदा लावणार म्हणतात."

मिर्ता उठली. खिडकीशी गेली, परत आली, कारिदाद माउलीच्या, क्युबाच्या मेरीमातेच्या, मूर्तीपुढचा दिवा सरळच होता तो तिनं उगाच सरळ केला. कपाटाच्या खालच्या खणात खारी बिस्किटं मिळतात तसला पत्र्याचा डबा होता, आणि डब्यात आईची वेणी.

त्या वेणीची गोष्ट घरात सगळ्यांना पाठ होती. मिर्ता वर्षाची असताना एवारिस्तो मामा क्युबात सरकारी शेतांवर औषध फवारायचं विमान चालवायचा. एके दिवशी त्यानं औषधाची टाकी धुतली, टाकीत आपल्या बहिणीला, दोमितिलाला, तान्ह्या पोरीसकट बसवलं, आणि उसाच्या शेताकडे जायचं ते विमान सरळ उत्तरेला समुद्रावर घातलं. अर्ध्या वाटेत इंजिन खोकायला लागलं. काळोख्या टाकीत आईनं सांतियागो शहराजवळच्या एल कोब्रेच्या कारिदाद माउलीला नवस बोलला. पोर जगली तर माझे केस तुझे. पोर जगली. पण नवस फेडायचा तिकडे, आणि माणसं अडकली इकडे. म्हणून आईनं जन्मभर केसांना कात्री लावली नाही. ते माउलीचे केस, मी नुसते सांभाळतेय, असं म्हणायची. फेब्रुवारीत ती गेली तेव्हा मिर्तानं ती वेणी कापली, आणि त्याच दिवशी कॉफी सोडली. वेणी पोचेपर्यंत थेंब नाही.

"कॉफी न पिणारी क्युबन बाई," लासारा म्हणायची, "म्हणजे न भुंकणारं कुत्रं. चोर खुशाल घरात येतील गं!"

सांतियागोला मोठी विमानं जात होती, तिकीट काढलं की झालं असतं. पण आईनं एवारिस्तोचं नाव घेतलं होतं, आणि एवारिस्तो मामा दुसऱ्याच्या विमानात प्रवासी म्हणून बसत नसे. त्यापुढची अडचण मोठी होती. ते सरकार आहे तोवर तिकडे पाऊल टाकणार नाही, असं तो दर नाताळच्या जेवणात डुकराच्या भाजलेल्या तंगडीसमोर उभा राहून सांगत आला होता.

त्याच दिवशी दुपारी मिर्ता हँगरमध्ये गेली. मामा आपल्या चार जणांच्या जुन्या विमानाच्या पोटाखाली आडवा होता. नुसते बूट बाहेर होते. तिनं बुटांनाच विचारलं.

बूट क्षणभर हलायचे थांबले. "येतो," आतून आवाज आला. "कधी निघायचं?"

भांडायच्या तयारीनं आलेल्या माणसाला दार सताड उघडं मिळालं की पाय उंबऱ्यावरच अडखळतो. मिर्ताचं तसं झालं. परत येताना तिनं दोनदा मागे वळून पाहिलं. मामा गाणं गुणगुणत होता.

त्यानंतर तिला स्वस्थता अशी मिळालीच नाही. विमा कंपनीला लिहिलं. देवधर्माचं कारण धरून एल कोब्रेच्या देवळातला दिनक्रम आखला, सकाळची प्रार्थना, नवसाच्या खोलीत वेणी ठेवणं, संध्याकाळचा जप. लासारानं तो वाचला. "मेणबत्तीची पावती माग हं देवीच्या दारात. आणि समुद्रात पाय भिजवू नकोस, ती मौज ठरेल." मिर्ता हसली, पण तिची बोटं जपमाळेवर नको इतकी भराभर फिरत होती.

रविवारी ती मामाच्या घरी जेवायला गेली, तर मागच्या अंगणातलं डोमिनोचं टेबल जागेवर नव्हतं. गवतावर चार पायांचे चार पिवळे ठिपके तेवढे होते.

"मामा, टेबल?"

"शेजारच्या निकानोरला दिलं. तसाही तोच जिंकतो. जेव तू."

घास तिच्या तोंडात फिरत राहिला.

सांतियागोला अर्ज पाठवायचा, त्यात विमानातल्या माणसांची नावं द्यायची असतात. तिथली रीत वडिलांचं आणि आईचं अशी दोन आडनावं लावायची. इथे आलेला माणूस आईचं आडनाव पाण्यात सोडतो. मामाच्या अमेरिकन पासपोर्टवर फक्त एवारिस्तो आरोचा होतं.

"तेवढंच लिही," लासारा म्हणाली. "आरोचा पोत्यानं आहेत तिकडे. पूर्ण नाव लिहिलंस तर कुणीतरी जुनं कपाट उघडेल."

"पण विचारलीत दोन."

"अगं, विचारलं म्हणून सगळं सांगायचं असतं का? तू नाती जुळवायला बसली आहेस की माणूस न्यायला?"

मिर्ताला लासाराचं म्हणणं कळत होतं. पण नवसाच्या कामाची सुरुवात लपवाछपवीनं करायची तर माउलीपुढे कुठल्या तोंडानं उभं राहायचं, हेही कळत होतं. तिनं दोन्ही आडनावं लिहिली. एवारिस्तो आरोचा मोंतेसिनो. पाठवून दिल्यावर मात्र ती अर्जाची प्रत पुन्हा पुन्हा वाचत बसली.

आठवडा गेला. लासाराचा रेडिओ रोज दाराला नवं कुलूप लावत होता. मग एका सकाळी सांतियागोहून इराइदाचा फोन आला. तिकडे उतरणाऱ्या विमानांचं सगळं बघायची ती. दोघींनी एकमेकींना कधी पाहिलं नव्हतं, आणि फोनवर तिसरं कुणीतरी ऐकतंय असं धरूनच दोघी बोलायच्या.

"ताई, तुमचा तांदूळ मिळाला."

"बरा आहे ना?"

"तांदूळ छान आहे हो. पण निवडताना एक खडा निघाला."

मिर्ताचा हात जपमाळेवर गेला. "मोठा आहे का?"

"जुना आहे. सगळे विसरले असतील असं वाटतं, पण दाताखाली आला तर दात जायचा. तुम्ही असं करा, खडा तिथेच काढून ठेवा आणि बाकीचा तांदूळ पाठवा. मात्र लवकर. चूल विझवणार म्हणतात तुमच्याकडे."

"लाकडं कधीपर्यंत पुरतील?"

"ते तुमच्याच लोकांना ठाऊक. रविवारच्या पुढे ढकलू नका. माउलीची कृपा असो, ताई."

मिर्तानं फोन ठेवला. ती तडक हँगरमध्ये गेली आणि जे होतं ते मामाला सांगून टाकलं. तुम्ही उतरलात की तुम्हाला धरतील. विमान चोरल्याचं त्यांच्याकडे अजून लिहिलेलं आहे.

"चोरलं?" मामानं पान्हा खाली ठेवला. "उसनं घेतलं होतं! महिन्याच्या आत आपल्या सरकारनं परत नाही का पाठवलं? थोड्या दिवसांसाठी नेलं, तसंच्या तसं परत गेलं. तुझ्या कायद्यात चपखल बसतंय!"

"नेणाऱ्यानं परत आणायचं असतं. तुम्ही नाही नेलंत."

"मग आता नेतो की स्वतःला. थोडा उशीर झाला."

तो हसत होता. मिर्ता हसली नाही. "मामा, डोमिनोचं टेबल का दिलंत?"

मामानं खिशातलं फडकं काढून हात पुसायला घेतले. एकेक बोट पुसलं. "मी शहात्तर वर्षांचा आहे, पोरी," तो शेवटी म्हणाला. "मला कोठडीत ठेवून त्यांना काय मिळणार? दोन दिवस त्यांचा भात खाईन. मरायचंच तर तिकडच्या मातीत तरी..."

"पाऊल टाकणार नव्हतात ना?"

"पाऊल टाकणार नाही. आडवा जाईन."

"आईनं वेणी न्यायला सांगितली," मिर्ता म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, पण हँगरच्या पत्र्यावर तो लख्ख ऐकू आला. "भावाचा बळी द्यायला नाही सांगितलं. तुम्ही नेलेलं विमान परत कोण आणणार? कायद्यानंही जमत नाही आणि मलाही जमत नाही."

"मग वेणी कोण नेणार? तो दातवाला?"

मिर्ता कचेरीत आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. लासारानं सगळं ऐकून घेतलं. मग पेन्सिलीनं भिंतीकडे बोट केलं. "तो काचेत टांगलाय तो काय आहे? कॅलेंडर?"

तो मिर्ताचा वैमानिकाचा परवाना होता. मामानंच शिकवलं होतं तिला, वस्तीतल्या निम्म्या लोकांना शिकवलं तसं. ती दर महिन्याला उडायचीही. पण जायची ती दलदलीवर, पश्चिमेला. खाली मगरी का असेनात, गवत दिसायचं. जमीन दिसेनाशी होईल इतकं पाण्यावर ती एकदाही गेली नव्हती. का, ते तिला कुणी विचारलं नव्हतं आणि तिनंही कुणाला सांगितलं नव्हतं. वर्षाच्या पोराला काही आठवत नसतं म्हणतात. तिलाही आठवत नव्हतं. फक्त खाली नुसतं निळं पाणी दिसायला लागलं की तिच्या नाकात फवाऱ्याच्या औषधाचा वास यायचा.

अर्जात तिनं मामाचं नाव काढलं आणि वैमानिकाच्या चौकटीत स्वतःचं लिहिलं. इराइदाचं उत्तर संध्याकाळच्या आत आलं. तांदूळ पसंत. आता घोडं अडवलं विमा कंपनीनं. बाईंना समुद्राचा सराव नाही, तेव्हा एखाद्या शिक्षकाबरोबर जमिनीपासून दूर उडून दाखवा, त्यानं सही करावी, मग बघू. ओळखीचे दोन शिक्षक गावाला गेले होते. उरला मामा. टेबलाच्या गोष्टीपासून तो तिच्याशी बोलत नव्हता.

शुक्रवारी सकाळी मिर्ता हँगरमध्ये गेली तर विमान बाहेर काढलेलं होतं. मामा पंखाखाली उभा राहून काचेच्या छोट्या पेल्यात इंधन काढून उजेडात बघत होता. खाली पाणी साचलंय का ते असं बघतात. त्यानं तिच्याकडे न बघता पेला तिच्या हातात दिला. "तू बघ. नेणारी तू आहेस."

लासारानं सांगितलं असणार.

ते पूर्वेला निघाले. हॉटेलांची रांग मागे गेली, पांढरी वाळू गेली, हिरवट पाणी गडद होत निळं झालं. मिर्तानं एकदा मान वळवून पाहिलं आणि मागे जमीन नव्हती. वास आला. तिला कळलंही नाही, पण विमानाचं नाक हळूहळू डावीकडे, घराकडे वळायला लागलं.

"मामा, धरा."

मामानं धरलं नाही. त्यानं दोन्ही हात मांड्यांखाली घातले आणि त्यांच्यावर बसला.

"मामा!"

"मी प्रवासी आहे. आयुष्यात पहिल्यांदा प्रवासी झालोय, मला नीट बसू दे."

"माझे हात कापतायत."

"कापू देत. कापणारे हातसुद्धा विमान उडवतात, मला माहीत आहे." तो समोर बघत होता. "तुझी आई मागे टाकीत. पुढे मी. मधे पत्रा. इंजिनाच्या आवाजात ओरडलं तरी ऐकू यायचं नाही. मग तिनं काय करावं? हातातल्या अंगठीनं पत्र्यावर ठोकायचं. टक टक. म्हणजे पोर जिवंत आहे. मला ते ऐकू नव्हतं येत, पाठीला लागायचं. इंजिन खोकलं तेव्हा ते ठोकणं थांबलं. तेव्हा मला वाटलं, संपलं. मी नाक वळवलं होतं, पोरी. तुझ्यासारखंच. परत निघालो होतो."

मिर्तानं त्याच्याकडे पाहिलं.

"मग पुन्हा टक टक. तेवढ्यात तिनं नवस बोलून घेतला होता. मी पुन्हा उत्तर धरली. सगळे म्हणतात एवारिस्तोनं आणलं. दोमितिलाही तेच म्हणायची, भाऊ ना! पण मला विचारशील तर तिनं ठोकलं म्हणून मी आलो." त्यानं पाय हलवला, हात मांड्यांखालीच ठेवले. "नाक."

मिर्तानं नाक सरळ केलं. वास होता, पण ती पुढे जात राहिली. खाली एक पांढरं जहाज दिसलं, मागे पडलं. मग पुन्हा नुसतं पाणी. तिनं ओठांतल्या ओठांत जप सुरू केला आणि एक आवर्तन संपेपर्यंत मागे वळून पाहिलं नाही.

उतरल्यावर मामानं सही केली. "डावीकडे ओढतेस जरा," एवढंच म्हणाला.

रविवारी तिनं पिवळा झगा घातला. नवसाचा रंग तो. विमानात तराफा, दोन फुगवायची जाकिटं, सांतियागोला द्यायची रोकड आणि तिच्या पायांशी तो डबा. मायामीहून फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाच्या की वेस्ट बेटापर्यंतचा टप्पा मामानं चालवायचा आणि तिथे उतरायचं, असं तिनं ठरवलं होतं. जमीन जिथे संपते तिथपर्यंत एवारिस्तोनंच न्यावं. आईचा शब्द इतपत तरी पुरा व्हावा. खालच्या बेटांच्या माळेवरून मामानं विमान इतकं अलगद नेलं, की डब्यातलं काही हललं नाही.

की वेस्टच्या कचेरीतल्या माणसानं कागद चाळले. "जायचं कारण?"

"देवधर्म."

"परत कोण आणणार?"

"मीच."

त्यानं शिक्का मारला आणि रेडिओचा आवाज थोडा कमी केला. "आज जाताय ते बरं करताय," म्हणाला.

बाहेर ऊन चढत होतं आणि दक्षिणेला ढगांचे गठ्ठे जमायला लागले होते. मिर्तानं ते पाहिले, घड्याळ पाहिलं, पुन्हा ढग पाहिले. इंधन स्वतः पेल्यात काढून पाहिलं. स्वच्छ होतं. तरी दुसऱ्यांदा पाहिलं.

मामा उतरला. त्यानं आपल्या पिशवीतून एक लहान थर्मास काढून तिच्या बाजूच्या रिकाम्या जागेवर ठेवला.

"मामा, मी कॉफी..."

"आत्ता कोण पी म्हणतंय? देवळातून बाहेर आलीस की पी. गार झालेली असेल, गार पी." त्यानं दार लावता लावता थांबून बोट उगारलं. "आणि थर्मास परत आणायचा. तिकडे विसरून आलीस तर तो माल होतो. कायदा आहे."

"नेणाऱ्यानंच आणायचा," मिर्ता म्हणाली.

"हां."

त्यानं दार लावलं. जायच्या आधी बोटातल्या अंगठीनं विमानाच्या पत्र्यावर ठोकलं. टक टक. मग कुंपणाशी एक बाक होतं तिकडे चालत गेला.

मिर्तानं क्रूस केला, डब्यावर एकदा हात ठेवला, इंजिन सुरू केलं. धावपट्टीच्या टोकाशी विमान वळवताना तिला बाकावरचा मामा दिसला. दोन्ही हात मांड्यांखाली घालून, त्यांच्यावर नीट बसला होता.

तिनं ब्रेक सोडला.